गवताच्या वखारीतलं कॉलेज

आम्ही जुने प्राध्यापक कुणाच्या लग्नात भेटलो की आमच्या टेबलावरचा मठ्ठा गरम होतो आणि जिलेबी गार पडते. "वखार आठवते का हो?" एवढं एकाने म्हणायचा अवकाश, लगेच दुसरा सुरू, त्याचं संपायच्या आत तिसरा सुरू! किस्से असेच असतात. गवताचा एक गठ्ठा मधूनच ओढला की वरचे चार अंगावर येतात, तसे. शेजारच्या टेबलावरची मंडळी आधी नाराजीने बघतात, मग हळूच खुर्च्या सरकवून ऐकायला बसतात.

गवत उगाच नाही आठवलं. भिवंडी-वाडा रस्त्यावर, अंबाडी नाक्याच्या थोडं अलीकडे आमचं कॉलेज होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आर्ट्स आणि कॉमर्स, पहिलं वर्ष आणि दुसरं वर्ष. आणि ते भरायचं चक्क गवताच्या वखारीत! इतर कॉलेजांना कॅम्पस असतो, आमच्या कॉलेजला खाज होती. मी तिथे अर्थशास्त्र शिकवायचे. सोमण मॅडम. माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. ते तिथेच झालं. त्याआधी मी भिवंडीतली अत्यंत गरीब मुलगी होते. कुणाचा विश्वास बसत नाही, जाऊ दे.

* * *

मुलाखतीला मी एस.टी.ने गेले. नवी कोरी साडी, हातात सर्टिफिकिटांची फाइल. नाक्यावरच्या पानवाल्याला विचारलं, "कॉलेज कुठे आहे?"

"ते काय, गवताच्या मागं."

मला वाटलं, माळ ओलांडून गेलं की इमारत असेल. माळ ओलांडला तर समोर पत्र्याची लांबलचक वखार. दारावर पाटी, 'जनाशेठ, गवताचे व्यापारी'. आणि एक माणूस स्टुलावर चढून त्या पाटीवर दुसरी पाटी अडकवत होता. ती कॉलेजची! हा आमचा शिपाई काशिनाथ. सकाळी पाटी लावायची आणि संध्याकाळी उतरवायची, ही त्याची पहिली आणि शेवटची ड्युटी.

"संध्याकाळी का उतरवता?"

"शेठचा गिर्‍हाईक चुकंल ना, बाई!"

आत प्राचार्य बापट सर. ठाण्यातल्या मोठ्या कॉलेजातली पक्की नोकरी सोडून हा माणूस इथे आला होता. का, तर म्हणे या पट्ट्यातली मुलं बारावीनंतर थेट भिवंडीच्या लूमवर कापड विणायला जातात. सरांना दोन सवयी. एक, काहीही झालं तरी "होऊन जाईल" म्हणायचं. दुसरी, खोटं बोलायचं नाही. या दोन सवयी एका माणसात असल्या की बाकीच्यांना किती त्रास होतो, ते आम्हाला विचारा!

सरांनी मला गवताच्या गठ्ठ्यावर बसवलं. "अर्थशास्त्र शिकवाल?"

"हो."

"थोडं इंग्रजी?"

"शिकवीन."

"आणि लेडीज रूमच्या इन्चार्ज तुम्हीच."

"कुठे आहे लेडीज रूम?"

"होऊन जाईल."

"मुली किती आहेत, सर?"

"एक."

"कुठे आहे?"

"तिचं लग्न व्हायचंय. लग्न झालं की कॉलेजला येईल."

लग्न झालं की मुलीचं कॉलेज सुटतं, हे माहीत होतं. लग्न झाल्यावर सुरू होतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं!

* * *

ही मुलगी म्हणजे सुनंदा. जनाशेठची होणारी सून.

लग्नाची बोलणी चालू असताना सुनंदाच्या वडिलांनी चारचौघांत सांगितलं होतं, "पोरगी बारावी झालीय. तिला पुढं शिकायचंय. शिकवणार असाल तर सुपारी फोडू."

मुलाकडच्यांनी अशी अट घालायची असते, मुलीकडच्यांनी नव्हे. पण जनाशेठ आगरी माणूस, अंगाने आडवा आणि शब्दाला उभा. त्याने मांडीवर थाप मारली. "माझ्या वखारीत कालेज हाय. वखारीत जेवढं शिक्षान हाय तेवढं तिला देईन. वखारीच्या बाहेर धाडनार न्हाय. हा जनाशेठचा शब्द."

सगळे खूश. सुपारी फुटली. वखारीत शिक्षण दोनच वर्षांचं आहे आणि डिग्री तिसऱ्या वर्षाला मिळते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि जनाशेठचा शब्द कसा, तर रबरासारखा ताणता यायचा नाही. दिला तेवढाच.

* * *

वखार देतानाही शेठने बापट सरांना दोन अटी घातल्या होत्या. एक, दिवाळीनंतर नवं गवत आलं की आधी गवताची सोय, मग कॉलेजची. दुसरी, आत काडी पेटवायची नाही. कुणी म्हणजे कुणीच. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात पोरं सिगारेट ओढत नाहीत असं आमचं एकमेव कॉलेज. शिस्त कसली, पोटभर भीती!

पहिल्या गॅदरिंगला ठाण्याहून एक मोठे पाहुणे आणले. काय बोलत होते! 'ज्ञानाची ज्योत', 'अंधारातून प्रकाशाकडे'. बोलता बोलता तंद्रीत त्यांनी खिशातून सिगारेट काढली, ओठात धरली आणि काडी ओढली. चारी बाजूंना छपरापर्यंत गवत!

दाराशी उभ्या शेठने आगीच्या भीतीने खुंटीवर कायम भरून टांगलेली पाण्याची बादली उचलली आणि पाहुण्यांच्या टोपीपासून बुटांपर्यंत रिकामी केली. बापट सरांच्या तोंडून "होऊन जाईल"सुद्धा निघेना.

शेठने बादली जागेवर टांगली. "वखार माझी हाय," तो म्हणाला. "आता चालू द्या तुमची ज्योत."

* * *

"वखार माझी हाय." हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. फळ्यासाठी खिळा ठोकला, "वखार माझी हाय." झेंडावंदनाला चुन्याने रेघ ओढली, "वखार माझी हाय." एकदा मी खिडकी पाडायला सांगितली, तर म्हणाला, "बाई, वखार माझी हाय. उजेड पायजे तर बाहेर शिकवा." मी शिकवलं बाहेर. एक म्हैस मागणीचा नियम संपेपर्यंत उभी होती. आमच्या पोरांपेक्षा बरी, मध्येच उठून गेली नाही.

* * *

आमचं टाइमटेबल बापट सर करत, असं कागदावर होतं. खरं टाइमटेबल एस.टी. करायची. वाड्याकडची गाडी साडेअकराला. इतिहासाचा तास तिच्या आधी संपायचा, अर्थशास्त्राचा तिच्यानंतर सुरू व्हायचा. झालं! सगळं कॉलेज इतिहासाला. पूर्वजांबद्दल एवढी ओढ मी दुसऱ्या कुठल्या तालुक्यात पाहिली नाही. माझ्या वर्गात उरायची ती पायी घरी जाणारी चार डोकी आणि सुनंदा.

मी चिडले आणि थेट डेपोत गेले. "साहेब, ती साडेअकराची गाडी साडेबाराला करा."

डेपोतल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "विषय कुठला तुमचा, मॅडम?"

"अर्थशास्त्र."

"मग मला तुम्हीच सांगा, तुमच्या चार मुलांसाठी अख्खी गाडी हलवणं परवडतं का?"

मी नमस्कार करून घरी आले.

* * *

दुसऱ्या वर्षी आम्ही माहितीपत्रक छापलं. इतर कॉलेजांची पत्रकं आम्ही समोर ठेवली होती. 'भव्य क्रीडांगण', 'समृद्ध ग्रंथालय', वगैरे. पण आमच्याकडे खोटं न बोलणारे बापट सर! प्रत्येक ओळीवर अडून बसले.

शेवटी जे छापून आलं ते असं. 'भव्य क्रीडांगण (भातकापणीनंतर).' 'ग्रंथालय आहे. कपाट मोठे आहे.' 'टायपिंगचा वर्ग चालतो. मशीन चालू असल्यास.' 'शिवणवर्ग: मुलींसाठी. सध्या मुलगेच येतात.'

आणि सगळ्यात खाली, 'वसतिगृह नाही. तथापि विद्यार्थी झोपतात.'

मी म्हटलं, "सर, हे कशाला?"

"मॅडम, झोपतात की नाही?"

झोपायचे. त्यातला सगळ्यात मोठा झोपाळू सलीम.

* * *

सलीम भिवंडीत लूमवर रात्रपाळी करायचा आणि शिफ्ट सुटली की पहिल्या गाडीने थेट कॉलेजला. घरी झोपायला गेला तर उठवणार कोण? म्हणून तो वखारीत गठ्ठ्यांच्या थरांवरून चढून अगदी वर झोपायचा. मी हजेरी घेतली की छपराजवळून आवाज यायचा, "यस मॅडम!" आकाशवाणीच!

एकदा डिसेंबरात आतल्या पत्र्याखाली कोंदट होतं, म्हणून तो बाहेर उभ्या ट्रकमध्ये भरलेल्या गवतावर जाऊन झोपला. ट्रक मुंबईच्या तबेल्यांना गवत द्यायला निघाला. कशेळीची खाडी गेली, ठाणं गेलं, हा गाढ. जाग आली ती जोगेश्वरीच्या तबेल्यात, एका म्हशीने गवताबरोबर त्याच्या शर्टाची बाही ओढली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी फाटक्या बाहीनिशी माझ्यासमोर उभा. "मॅडम, कल की हाजरी लगाओ ना."

"काल तू होतास कुठे?"

"कॉलेज में ही तो सोया था, मॅडम. कॉलेज ही चला गया, तो मैं क्या करूँ?"

मी हजेरी लावली. तुम्ही काय केलं असतं?

* * *

आता सुनंदाचं सांगते. लग्नाची हळद उतरली नसेल तोच ती कॉलेजला आली. डोक्यावर पदर, हातभर हिरवा चुडा, पुढच्या गठ्ठ्यावर बसलेली. लिहायला लागली की चुड्याचा आवाज आणि बाकी पोरांचं काही न लिहिणं, दोन्ही ऐकू यायचं. हुशार म्हणजे काय! मी फळ्यावर आकृती काढायच्या आत तिच्या वहीत असायची.

एक दिवस मी तासाला होते. मध्येच सुनंदा ताडकन उभी राहिली. मला वाटलं, शंका असेल. "हं, विचार."

तिची मान खाली, पदर आणखी पुढे.

"अगं, विचार ना. लाजतेस काय?"

ती विचारेना, बसेही ना. मी पुन्हा शिकवायला लागले, ती उभीच. अख्खा तास! शेवटी मागून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, तिचा सासरा आलाय ना. गवत बघतोय. सासऱ्यासमोर सून बसत न्हाय."

मागे वळून बघते तर दाराच्या बाजूला जनाशेठ गठ्ठे मोजत उभा. त्याचंही मोजणं चाललेलं सावकाश!

मग हे रोजचंच झालं. शेठ आला की सुनंदा उभी. शेठ आल्याची वर्दी आम्हाला सुनंदाकडून मिळायची. उभ्याने लिहायची बिचारी, वही हातावर धरून. मला बघवेना. मी शेठला गाठलं. "शेठ, तुम्ही तासाला येत जाऊ नका. पोरीचे पाय मोडतात."

"वखार माझी हाय, बाई. गवत बघायला नको?"

"मग तिला बसायला सांगा."

"असं कसं? माझ्यासमोर ती बसली तर गाव काय म्हनंल? आन् मी सांगून ती बसनार हाय होय?"

दोन दिवस विचार करून शेठनेच तोड काढली. तिसऱ्या दिवशी तास चालू असताना दाराबाहेरून हाळी आली, "मी आलो न्हाय हां!"

आणि शेठ आत आला. छाती काढून, वहाणा वाजवत, सगळ्यांच्या देखत! गठ्ठे मोजले, काशिनाथला झापलं आणि गेला. सुनंदा बसून राहिली. आलाच नव्हता ना तो!

पुढचं दीड वर्ष आमच्या कॉलेजात हा नियम चालला. "मी आलो न्हाय हां!" म्हणून शेठ यायचा आणि कुणालाही न दिसता अख्खी वखार फिरायचा. एकदा जाता जाता माझ्या टेबलावरचा चहाही पिऊन गेला. विचारलं तर म्हणाला, "मी? मी आलोच न्हाय!"

* * *

सुनंदा दुसऱ्या वर्षाला आली तेव्हा आम्ही पालकसभा ठेवली. आईबाप आले, गठ्ठ्यांवर बसले. शेठ बाहेर तराजूपाशी. मी बोलवायला गेले. "आत चला ना, शेठ. सुनंदाचे मार्क दाखवते. पहिली आलीय."

"पोरीचा बाप खारबावला बसलाय, त्याला बोलवा. मी वखारवाला."

"पण ती राहते तुमच्या घरात."

"बाई, मी चौथी नापास मानूस. पोरीचे मार्क बघून मना काय कलनार? तुमी आत सभा घ्या, मी बाहेर गवत घेतो."

त्याच संध्याकाळी काशिनाथ पाटी उतरवत होता आणि सुनंदा माझ्यापाशी घुटमळली. "मॅडम, पंधरावी इथे कधी येईल?"

पंधरावी म्हणजे तिसरं वर्ष. आमच्याकडे बारावीच्या पुढेही तेरावी, चौदावी, पंधरावी असंच मोजतात.

मी म्हटलं, "युनिव्हर्सिटीने परवानगी दिली तर जूनमध्ये. नाहीतर भिवंडीच्या कॉलेजला जा की. मीच घेऊन जाईन तुला रोज."

ती म्हणाली, "वखारीबाहेर नाही धाडणार म्हणालेत. चारचौघांत शब्द दिलाय, मॅडम, त्यांचाही इलाज नाही. इथे आली तर माझी डिग्री. नाही आली तर चौदावी पास." मग हसून म्हणाली, "चौदावी पास म्हणजे काय हो, मॅडम? त्याला काय म्हणतात?"

मी घरी जाऊन आईवर उगाच चिडले. त्या दिवसापासून आमच्या सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट, पंधरावी या वखारीत आली पाहिजे.

* * *

परवानगीआधी युनिव्हर्सिटीची कमिटी कॉलेज बघायला येणार होती. तारीख कळवली ती नेमकी भर आवणीतली! आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या दिवसांत आमच्याकडे वर्गात बेडूक येतात, विद्यार्थी नाहीत.

बापट सर छत्री घेऊन बांधाबांधाने फिरले. चिखलात वाकलेली पोरं मान वर न करता म्हणायची, "येतो सर, एवढा तुकडा झाला की!" सरांनी काठावर उभं राहून हजेरी घेतली. एका शेतात तर एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, पोराच्या नावाम्होरं हजर लिवा, आन् उभंच हाव तर एक मूठ रोप लावा." सरांनी धोतर खोचलं आणि लावलं! आजही ते सांगतात, आयुष्यात माझ्या हातून उभं राहिलेलं पहिलं काम ते रोप.

कमिटी आलीच नाही. ओढ्याला पाणी आलं होतं. नवी तारीख मिळाली दिवाळीनंतरची.

दिवाळीनंतरची! म्हणजे वखार गवताने गच्च भरलेली. सर शेठकडे गेले. "शेठ, एक दिवस. फक्त एक दिवस गवत बाहेर."

"सर, आट काय ठरली व्हती? दिवाळीनंतर आधी गवत. तबेल्यावाल्यांना शब्द दिलाय. आन् वखार माझी हाय."

सर परत आले. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते "होऊन जाईल" म्हणाले नाहीत. त्या क्षणी मी खरी घाबरले.

* * *

कमिटीचा दिवस. तिघे जण गाडीतून उतरले. अध्यक्ष उंच, सफारी सूट, चेहऱ्यावर एकही सुरकुती हलत नाही असे. दारात शिरले आणि शिंकले. मग जे शिंकायला लागले ते थांबेचनात. बाकीचे दोघे नाकाला रुमाल लावून गवताकडे बघत होते. आमची पोरं इस्त्रीचे शर्ट घालून गठ्ठ्यांवर ओळीने बसलेली, अगदी शहाण्यासारखी. सलीमला मी स्वतः खाली बसवला होता आणि काशिनाथला त्याच्या मागे चिमटे काढायला.

"ग्रंथालय?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहे," बापट सर म्हणाले. "कपाट मोठं आहे."

मी डोळे मिटले.

अध्यक्षांनी एका मुलाला उभं केलं. "तुमचा आवडता विषय?"

"इतिहास, सर!"

"छान. का?"

"साडेअकराची गाडी गावते."

सगळी पोरं हसली. कमिटीतलं कुणी हसलं नाही. एकाने कागदावर काहीतरी लिहिलं. सुनंदा पुढच्या गठ्ठ्यावर, वही छातीशी धरून, माझ्याकडेच बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. काय सांगणार होते तिला?

मग अध्यक्षांनी रुमाल खिशात ठेवला आणि म्हणाले, "प्राचार्य, एक महत्त्वाचं. तिसऱ्या वर्षाला परवानगी हवी तर कॉलेजकडे स्वतःची जागा पाहिजे. दिवाळीत आहे आणि होळीत नाही, असं आम्हाला चालत नाही. ही जागा कुणाची?"

बापट सरांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं न बोलणारा माणूस! मला वाटत होतं, आयुष्यात एकदा, फक्त एकदा बोला हो सर! त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"ही जागा कुणाची आहे, प्राचार्य?"

तेवढ्यात सुनंदा ताडकन उभी राहिली.

आम्ही सगळे दाराकडे वळलो. जनाशेठ! हाळी दिली नव्हती. "मी आलो न्हाय" म्हणाला नव्हता. पांढरं स्वच्छ धोतर, डोक्यावर लग्नाकार्याची टोपी. दारात थांबला, वाकला आणि वहाणा काढून बाजूला ठेवल्या. एवढ्या दिवसांत त्या वखारीत मी त्याला अनवाणी पहिल्यांदाच पाहिला.

संपलं, मी मनात म्हटलं. आता ते वाक्य येणार. पोरांनाही कळलं होतं. दोघांतिघांचे तर ओठ आधीच हलायला लागले होते.

"जागा कालेजाची हाय," शेठ म्हणाला.

बापट सरांनी मटकन गठ्ठ्यावर बसकण मारली.

"कॉलेजची?" अध्यक्षांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कागद आहे?"

"कागद उद्या करतो. शब्द आज देतो, चारचौघांत. ही सगली पोरं साक्षीला हायत."

"आणि हे एवढं गवत?"

"गवत माझा. ह्यांनी ठेवून घेतलाय. नको म्हनाले तर संध्याकाळच्या आत उचलतो."

अध्यक्षांनी छपरापर्यंतच्या गवताकडे पाहिलं. मग म्हणाले, "असं होय. पण आपण कोण?"

शेठने टोपी सारखी केली. समोर सुनंदा उभी होती, मान खाली, पदर पुढे, वही हातावर.

"मी त्या पोरीचा पालक," शेठ म्हणाला.

मग तो पुढे आला, पुढच्या ओळीतल्या रिकाम्या गठ्ठ्यावर टेकला आणि सुनंदाला म्हणाला, "बस गो खाली. मी आलोय."